खालच्या बांधीची खुडणी

वहिनी,

तुमचा चना उभा आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पुढे काहीही बोललो तरी तुम्ही मध्येच म्हणाल, "ते राहू द्या जी भाऊजी, चन्याचं सांगा."

उभा आहे, पण मधे तो जायच्या बेतात होता. तुमची तेरवी झाली, मंडपवाला कापडं-बांबू सोडून घेऊन गेला, तुमची लेक डोळे पुसत लाखनीच्या गाडीत बसली आणि त्याच दुपारी दादा ओसरीच्या खांबाला टेकून मला म्हणाला, "सुधाकर, खालच्या बांधीत ढोरं सोडून दे."

"काहून? चना हाय ना तेथी."

"हाय तं हाय. तिचा होता. मले नाही होत आता ते पाहनं."

माझ्या भावाचं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून त्याच्या वाट्याचं बोलणंही तुम्हीच करत आलात. त्यामुळे तो इतकं एकदम बोलला म्हणजे दिवसचे दिवस मनात घोळवून बोलला. सरळ नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "खुडणी तं होऊ दे," मी म्हटलं. "फुलावर येऊ दे एकदा. मंग तू म्हनशील तसं."

तो गप्प राहिला. आम्हा भावांत याला होकार म्हणतात.

बोलून तर बसलो. मग विचार आला, की खुडणी करतात कशी? म्हणजे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत आहे. धान निघाला की बांधीत राहिलेल्या ओलीवर चना पेरायचा. रोप वीतभर वाढलं की कोवळे शेंडे खुडायचे. वरचा एक शेंडा गेला की खालून फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं, तितके दाण्याचे घाटे. पण हे कळी धरायच्या आधी. उशीर झाला तर शेंड्यासोबत फूलच हातात येतं. एवढं ज्ञान माझ्याकडे होतं. नव्हत्या त्या बाया. आपल्या खालच्या बांधीची खुडणी कधी मजुरीनं झाली नाही. तुम्ही सकाळी हातपंपाजवळ उभ्या राहून "चला वो, भाजी माजली!" अशी एक हाक मारायच्या, की आळीतल्या बाया फडकी घेऊन निघायच्या. जिनं तिनं आपल्या घरापुरती चन्याची भाजी न्यायची, आणि आपलं वावर खुडून मोकळं. आपल्या अख्ख्या चन्याचा डोलारा तुमच्या त्या हाकेवर उभा होता, आणि हे आम्हाला दोघा भावांना तेरवीनंतर कळलं.

तुम्ही म्हणाल, खुडणीच्या अकलेचं भाऊजींनी बोलू नये. कबूल. चन्याच्या बाबतीत माझा इतिहास तुम्ही अड्याळच्या माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, इतक्यांदा वाचून दाखवला आहे, की काही लोक पंपाची मोटार बिघडलेली नसतानाही ऐकायला येत.

पहिला अध्याय चहाचा. बियाण्याला जिवाणूचं पाकीट चोळायचं होतं. तुम्ही सांगून गेलात, गुळाच्या पाण्यात कालवा आणि सावलीत वाळवा. मी गूळ विरघळावा म्हणून पातेलं चुलीवर ठेवलं, चांगली उकळी आणली, आणि वाफ निघत असताना पाकीट त्यात ओतलं. वर हुशारी म्हणून बियाणं कडक उन्हात पसरलं. तुम्ही आलात, पातेल्यात पाहिलं, बोट बुडवून लगेच काढून घेतलं.

"भाऊजी, हे काय करून ठेवलं?"

"कालवलं ना. तुमीच तं सांगितलं."

"जिवाणू जिता असते जी! त्याचा तुमी चहा केला." मग माझ्या बायकोला हाक मारून, "मंदा, बशी आन वो. तुह्या नवऱ्यानं पाहुण्याईले शिजवलं."

त्या वर्षी माझ्या वरच्या बांधीतलं रोप उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी म्हणून नव्हत्या. तुमच्या खालच्या बांधीत मुळाला मण्यांसारख्या गाठी. तुम्ही ते उपटलेलं रोप माझ्या दुकानाच्या दाराला मिरच्या-लिंबासारखं टांगलं होतं.

दुसरा अध्याय मोठा आहे, आणि त्यात माझा धंदा आड आला. मोटारी बांधणाऱ्या माणसाला पाणी द्यायची खाज असते. विजेची लाइन आली आणि मोटार बंद आहे हे मला सहन होत नाही. त्या वर्षी चना फुलावर आला, छान जांभळट फूल, आणि मला वाटलं, एवढी फुलं लागली आहेत, त्यांना तहान लागली असेल. लावली मोटार. आपली बांधी म्हणजे धानाची, चारी बाजूंनी मातीचा धुरा, पाणी आत शिरलं की बाहेर जायचं नाव नाही. आठवड्याभरात चना असा उठला की मांडीला लागला. हिरवागार, काळपट हिरवा. मी दुकानातून लोकांना मोटारसायकलवर बसवून दाखवायला नेलं. म्हटलं, पाहा, याला म्हणतात चना.

तुम्ही धुऱ्यावर उभ्या राहिलात, पदर कमरेला खोचलात, एक झाड हातात घेऊन खालपासून वरपर्यंत पाहिलंत.

"लय झाक हाय. फोटो काढून ठेवा."

मी फुगलो. "काढले ना!"

"हो, ठेवाच. आता घाटे फोटोतच पाहा लागतीन. फुलं गारली त्यानं सारी. पाला वाढवून राहिला तो. त्याले तुमी सांगितलं, पानी बहुत हाय, घाई कायले, वाढ मजेनं."

आणि तसंच झालं. फुलं गळून गेली, पाला राहिला, आणि त्या पाल्यात अळीला मोठी सोय झाली. माझी बांधी दादाच्या म्हशींनी खाल्ली. त्यांनी मात्र दूध चांगलं दिलं, हे न्यायानं नमूद करतो.

पण वहिनी, एक अध्याय तुम्ही दुकानात कधी वाचला नाही, तो मी वाचतो. एका वर्षी थंडी लवकर सरली, जमीन भेगाळली, घाट्यांत दाणा भरायची वेळ. मी म्हटलं, आता एक हलकं पाणी द्या. तुम्ही म्हणालात, तुमाले पान्याशिवाय काही दिसतच नाही. मी माझ्या बांधीला दिलं, आणि उतरत्या कोपऱ्याचा धुरा फोडून जास्तीचं पाणी काढूनही दिलं. तुम्ही दिलं नाही. चना निघाला तेव्हा माझा दाणा टपोरा, तुमचा मिरीएवढा. मी आठवडाभर तुमच्या तोंडाकडे बघत होतो, की आता कबूल करतील. तुम्ही भाजलेल्या चन्याची वाटी माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "यंदा चना बारीक हाय. दाताईले बरा."

झालं. याच्यापुढे तुम्ही गेला नाहीत. फुलात पाणी नको, हे तुमचं खरं. दाणा भरताना जमिनीनं भेगा दाखवल्या तर एक हलकं पाणी हवं, हे माझं खरं. दोन्ही एकदम मान्य करायला आपण दोघं कधी तयार झालो नाही, कारण मग बोलायचं कशावर?

दवाखान्यातही आपण यावरच बोललो. भंडाऱ्याच्या त्या वॉर्डात तुमच्या नाकात नळी, हाताला सुई, मंदा पायाशी बसलेली. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काही निरवानिरवीचं आहे. तुम्ही विचारलंत, "चन्याले पानी तं नाही ना दिलं?"

आता अशा वेळी माणसानं नीट वागावं. मी म्हटलं, "दिलं ना. कालच. भरून दिलं."

तुम्ही उठून बसायला निघालात. "रोपाले आता कायले पानी? खाली ओल हाय ना! मर लागन त्याले, मर! सत्यानाश केला माह्या चन्याचा!" नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. मी बाकावर बसून खूप वेळ हसलो, आणि मग हसू कुठेतरी संपलं आणि बसूनच राहिलो. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. मोटार मी लावली नव्हती, हे सांगायला आत जायला मिळालंच नाही.

तेरवीच्या स्वयंपाकात कांदे चिरताना मी हे मंदाला बोललो. ती म्हणाली, "मले सांगितलं त्याईनं मागून. म्हने, भाऊजी लबाड हाय, नाही दिलं पानी. त्याईले मज्या करा लागते." म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आणि तरी मला नर्सच्या हातून बाहेर काढू दिलंत. बरोबर आहे. फिट्टंफाट.

तर खुडणी.

दादाला घेऊन मीच करावी असं ठरवलं. त्याला घराबाहेर काढायचा तोही एक उपाय. सकाळी लवकर गेलो, म्हटलं ऊन चढायच्या आत उरकू. तुम्ही असत्या तर तिथंच कपाळावर हात मारला असता. सगळा चना दवानं थबथबलेला. दव चन्यावर पडलं की त्यात पानांची आंब उतरते, लिंबापेक्षा आंबट, आणि माणसाच्या कातडीवर एखादी बारीक चीर जरी असली तरी ती शोधून काढते. मी मोटारीच्या तारांनी चिरलेले हात घेऊन त्यात उतरलो होतो. दोनचार शेंडे खुडले आणि बोटं तोंडात घालून धुऱ्यावर नाचू लागलो. तोंडात आंब, हातात आग. दादा मात्र खाली मान घालून खुडत होता. त्याच्याकडे गेलो तर त्याच्या फडक्यात शेंडे कमी आणि मुळासकट रोपं जास्त.

"अरे, उपटून राहिला तू!"

"हलका हात नाही ना माहा," तो म्हणाला, आणि उपटलेलं रोप पुन्हा जमिनीत रोवायला लागला. बोटानं भोक पाडून, माती दाबून. ते लागणार नव्हतं, त्यालाही माहीत होतं. मी त्याला थांबवलं नाही. दुसरीकडे पाहिलं.

ढोरं सोडायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही, पण घरी येताना म्हणाला, "नाही जमत, सुधाकर. दोघाईचं काम नाही हे." आणि ते खरं होतं. आमच्या वेगानं अर्धी बांधी होईपर्यंत उरलेल्या अर्धीत कळी धरली असती.

मग मी आळीत गेलो. काशीबाई दारात तांदूळ पाखडत होती. तुमच्यासोबत खुडणीला सगळ्यात पुढे असायची ती. मी म्हटलं, "काशीबाई, भाजीले चला ना. माजली हाय."

तिनं सूप खाली ठेवलं. "भाऊ, मनात तं आमच्याही येते. पर ते बाई गेली, अन् तिच्या वावरात आमी हासत-बोलत भाजी खुडाची? हात नाही उठत जी. अन् दादाईले कसं वाटन?"

दुसऱ्या दारात हेच. तिसऱ्या दारात तर मला चहा देऊन वाटेला लावलं. सगळ्या बाया तुमच्या आदराखातर घरी बसलेल्या, आणि तुमचा चना त्या आदरापायी वाया चाललेला. हे तुम्हाला समजलं असतं तर तुम्ही एकेकीला वेणीला धरून नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय सुचलं देव जाणे. हातपंपावर पाच-सात बाया होत्या. मी तुमच्या जागेवर जाऊन उभा राहिलो, पाण्याचा गुंड ठेवायच्या दगडाजवळ, आणि तुमची हाक मारली. म्हणजे मारायला गेलो. "चला वो" एवढं ठीक निघालं, पण "भाजी" वर आवाज चिरला आणि "माजली" कुठल्या कुठे गेलं. बैलाच्या पायाखाली पुंगी यावी तसा काहीतरी आवाज झाला.

पंप हाणणारीनं पंप हाणायचा थांबवला.

मग कोणीतरी मागून म्हणालं, "अगा माय! भाऊची मोटार जळली वाट्टे."

आणि बाया हसल्या. अशा हसल्या की एकीचा गुंड कलंडला. काशीबाई पदर तोंडात कोंबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते कशाचं होतं हे तिलाही सांगता आलं नसतं. मी तसाच उभा. आयुष्यभर स्वतःच्या फजितीवर लोकांना हसवलं, पण इतकं कामाचं हसू आजवर मिळालं नव्हतं.

"घरी जा जी तुमी," काशीबाई डोळे पुसत म्हणाली. "येतो आमी. ऊन निघू द्या. दवात गेले होते म्हने काल? हात दाखवा."

दाखवले. पुन्हा हसल्या.

त्या आल्या, वहिनी. ऊन चांगलं तापल्यावर, फडकी कमरेला बांधून, अख्खी आळी. आधी सगळ्या खाली मान घालून खुडत होत्या. मग काशीबाईनं चहाची गोष्ट काढली, तो जिवाणूचा चहा, आणि पुढं तुमच्या आवाजात सगळ्या नकला सुरू झाल्या. कोणी तुमच्यासारखा पदर खोचून दाखवला, कोणी "दाताईले बरा" म्हणून दाखवलं. म्हणजे ती गोष्ट तुम्ही त्यांना सांगितली होती! दुकानात नाही, पण वावरात, माझ्यामागे, सांगितली होती. "भाऊजीचं पानी त्या बारीनं खरं निघालं, पर सांगू नोका त्याईले, मंग रोज मोटार लावतीन," असं तुम्ही म्हणाल्याचं काशीबाईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी धुऱ्यावर बसून हे ऐकलं. वीस ठिकाणी जळणारी बोटं घेऊन मी हसत बसलो.

दादा दुसऱ्या टोकाला बसला होता. बायांच्या हसण्यानं त्याला त्रास होईल या भीतीनं मी अधूनमधून बघत होतो. तो ऐकत होता. मधे एकदा त्यानं एका पोरीला हात करून सांगितलं, "तेथी राहिली एक ओळ."

त्या संध्याकाळी आळीतल्या घराघरात लसणाची फोडणी आणि चन्याची भाजी. मंदानं आपल्या घरी कण्या टाकून घोटली, वर लाल मिरचीचं तेल. दादा तेरवीपासून दोन घास खाऊन उठायचा. त्या दिवशी त्यानं भाजी मागून घेतली. मी पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

आता फांद्या फुटल्या आहेत. झाडं बुटकी, भरलेली, जमीन झाकून बसली आहेत, तुम्हाला आवडतात तशी. दादा रोज जातो. पाखरं बसावीत आणि अळ्या वेचाव्यात म्हणून त्यानं बांबूचे पक्षीथांबे रोवले. मी एके वर्षी त्यांच्याऐवजी बुजगावणं उभं केलं होतं आणि पाखरं पळवून अळ्या पोसल्या होत्या, हे तो बोलला नाही, पण थांबे रोवताना माझ्याकडे पाहून जरासा हसला. मोटार मी लावलेली नाही. लाइन येते, जाते. मी दुकानात बसून हात मांडीखाली घालतो. दाणा भरताना जमीन भेगाळली तर मात्र एक हलकं पाणी देणार, आणि त्याला तुम्हीच परवानगी दिल्याची आळीभर साक्ष आहे.

काल दुपारी मात्र एक झालं. माझा तुमच्याशी जुना वाद आहे, की तुम्ही भाजीला कोणाला नाही म्हणत नाही. कळी धरली तरी कोणी आलं की "न्या, न्या". मी ओरडायचो, की ती भाजी नाही, घाटे चालले आपले! तुम्ही म्हणायच्या, दारात आलेल्या बाईले काय सांगू, फूल मोठं का तू मोठी?

काल वरच्या आळीतली नवी सून आली, टोपली घेऊन, लाजत. पहिली फुलं उमलली होती कुठे कुठे. मी आणि दादा धुऱ्यावरच होतो. तिनं विचारायच्या आधीच दादा उठला. दादा! ढोरं सोडायला निघालेला माणूस. "आता नाही, बाई," तो म्हणाला. "कळी धरली. आता बांधीत पाय नाही टाकाचा कोनी."

इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं बोलणारा पहिला माणूस मिळाला होता. ती पोरगी रिकामी टोपली सावरत वळली.

आणि माझ्या तोंडून निघालं, "अवो, धुऱ्याकडची न्या ना. तेवढ्यानं काय होते?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, "धुऱ्याकडची. आतली नोको."

वहिनी, याला माझी हार समजू नका. धुऱ्याच्या ओळीवर बाभळीची सावली पडते, तिथं फूल कमीच धरतं. एवढ्यासाठीच म्हटलं मी.